विद्यापीठाच्या नियमातला ‘तो’

व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे विषय मागितला तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, आम्ही ऊसतोडीच्या दरावर बोलू, मुकादमाच्या उचलीवर बोलू, फार झाले तर वीटभट्टीवरच्या मजुरीवर बोलू. ज्याचा जन्म ज्या कामात गेला त्याने त्यावर बोलावे, ही अपेक्षा वाजवी आहे. आम्ही मात्र स्त्रियांच्या विद्यापीठातील शिक्षणाचा इतिहास हा विषय सांगितला. तेव्हा चालकांपैकी एकाने हसून विचारले की, सातवी शिकलेल्या माणसाला विद्यापीठाची उठाठेव कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देऊन मग मूळ विषयाकडे वळतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वी आमच्या संघटनेच्या सभासदांची नोंदवही आम्ही स्वतः लिहीत असू. ऊसतोडीच्या धंद्यात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ होतो, हे या भागात कोणास सांगावयास नको. उचल कोयत्यावर मिळते, हिशेब कोयत्यावर होतो. आम्हीही वहीत दर कोयत्यामागे एक नाव लिहीत होतो, आणि ते नाव अर्थातच पुरुषाचे असे. एका बैठकीत मागे बसलेली एक बाई उठून म्हणाली, “भाऊ, मोळ्या म्या बांधते, गाडीबी म्याच भरते. मग तुमच्या वहीत म्या कुठं हाय?” आम्ही उत्तर दिले, “वहिनी, कोयता म्हटला की त्यात तुम्ही आल्याच.” बाई खाली बसली. तिचे समाधान झाले नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर आमचेही झाले नव्हते.

पुढे काही वर्षांनी मुंबई विद्यापीठाचा इतिहास वाचताना आमचे तेच उत्तर इंग्रजी पोशाखात आमच्यापुढे येऊन उभे राहिले. तेव्हापासून हा विषय आमच्या डोक्यातून गेला नाही.

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झाले. उत्तरेकडे उठावाचा वणवा पेटलेला असताना कलकत्ता, मुंबई व मद्रास या तीन शहरांत एकाच वर्षी विद्यापीठे निघाली. नमुना लंडन विद्यापीठाचा होता. त्या काळचे विद्यापीठ शिकवीत नसे. शिकविण्याचे काम कॉलेजांचे. विद्यापीठाने परीक्षा घ्यावयाची आणि पदवी द्यावयाची. १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली, १८६२ मध्ये पहिले बी.ए. बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक ही मंडळी होती. याच रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि तिचे लोण गावोगाव पसरत आज आपल्या सिरसाळ्यापर्यंत आले. तेव्हा आपण ज्या मांडवात बसलो आहोत, त्याची एक दोरी त्या पहिल्या पदवीधरांच्या हातात आहे.

या विद्यापीठात स्त्रिया नव्हत्या. त्यांनी येऊ नये अशी पाटी लावण्याचे श्रमही कोणी घेतले नव्हते. नियम इंग्रजीत, आणि त्यांत सगळीकडे ‘तो’: तो अर्ज करील, तो फी भरील, तो परीक्षेस बसेल. लिहिणाऱ्यांच्या मनात दुसरे कोणी आलेच नाही. मनाई केलेली गोष्ट निदान कोणाच्या तरी ध्यानात असते; येथे तेवढेही नव्हते.

आणि हे केव्हा? जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली १८४८ मध्ये. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील कुमारिकेचा निबंध ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला १८५५ मध्ये. महार-मांगांच्या दुःखावर तिने असे लिहिले की आजही वाचणाऱ्याने मान खाली घालावी. म्हणजे विद्यापीठाचा कायदा झाला त्याच्या दोन वर्षे आधी, जिला गावाने शिवेबाहेर ठेवले होते अशी एक मुलगी मराठीत निबंध लिहीत होती. ती परीक्षेस बसू इच्छील, ही कल्पना मात्र कायदा करणाऱ्यांना शिवली नाही. पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिले, त्यात त्यांनी सरकारच्या वर्मावर बोट ठेवले: महसूल येतो कुणब्याच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. आम्ही चळवळीतली माणसे हे निवेदन वारंवार वाचतो. विद्यापीठाच्या इतिहासाकडे पाहताना खर्चाचा हा हिशेब विसरू नये.

लंडन विद्यापीठाने १८७८ मध्ये आपल्या पदव्या स्त्रियांना खुल्या केल्या. त्याच वर्षी कलकत्त्याने परीक्षांचा मार्ग मोकळा केला, आणि कादंबिनी बसू व चंद्रमुखी बसू या दोघी १८८३ मध्ये तेथे पदवीधर झाल्या. मुंबईने निर्णय घेतला तो त्याच १८८३ साली. नियमांचे पुस्तक काही नव्याने लिहिले नाही. नियमातला ‘तो’ यापुढे स्त्री-पुरुष दोघांनाही लागू समजावा, असे ठरले. कोयता म्हटला की त्यात वहिनी आल्याच, तशातला हा प्रकार.

या निर्णयाचे श्रेय मुंबईला दिलेच पाहिजे. ज्या इंग्लंडकडून आपण विद्या घेतली म्हणतो, त्या इंग्लंडातील ऑक्सफर्डने स्त्रियांना पदवी दिली १९२० मध्ये आणि केंब्रिजने १९४८ मध्ये. म्हणजे केंब्रिजच्या आधी मुंबई ६५ वर्षे! तथापि हे श्रेय फार फुगवूनही सांगू नये. दार उघडण्याचा ठराव स्वस्त असतो. त्याला एक बैठक आणि एक कागद पुरतो. त्या दारापर्यंत पोचावयास मुलगी आधी मॅट्रिक व्हावी लागते, मॅट्रिकसाठी हायस्कूल लागते, हायस्कूलसाठी चौदाव्या-पंधराव्या वर्षापर्यंत ती अविवाहित राहावी लागते किंवा तसे ऐकणारे सासर मिळावे लागते. यांपैकी काहीही विद्यापीठाच्या ठरावात नव्हते.

जेथे निकड होती तेथे मात्र ठरावाबरोबर पैसाही उभा राहिला, हेही सांगितले पाहिजे. पडद्यातल्या व सोवळ्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला नाडीही दाखवीत नसत आणि बाळंतपणात मरत. तेव्हा जॉर्ज किटरेज हा मुंबईतील अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापूरजी बंगाली हे पारशी गृहस्थ यांनी निधी जमविला, विलायतेहून डॉक्टर एडिथ पीची यांना बोलावले, आणि १८८३ मध्येच ग्रँट मेडिकल कॉलेज स्त्रियांना खुले झाले. १८८६ मध्ये कामा हॉस्पिटल सुरू झाले. त्याच १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेच्या बोटीत बसल्या, १८८६ मध्ये एम.डी. झाल्या, आणि परत येऊन वयाची २२ वर्षे पुरी होण्याच्या आत, फेब्रुवारी १८८७ मध्ये वारल्या. इकडे मुंबईचे दार उघडत होते आणि तिकडे एक मुलगी समुद्र ओलांडून दुसरे दार ठोठावीत होती.

मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर म्हणजे कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, १८६६ चा. वडील पारशी कुळातले, पुढे ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिनाबाई यांनी पुण्यात शाळा चालविली. कॉर्नेलियाबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या. पुरुषांनी भरलेल्या त्या कॉलेजात काही विद्यार्थी त्यांच्या तोंडावर वर्गाचे दार लावून घेत, अशी हकीकत त्यांच्या आठवणींत येते. विद्यापीठाने दार उघडले होते, पण वर्गाचे दार मुलांच्या हातात होते! तरीही त्यांनी पहिल्या वर्गात पदवी मिळविली आणि त्या वर्षीच्या परीक्षार्थींत अग्रस्थान पटकावले.

आता खरी गंमत येथून पुढे आहे, आणि ती नीट ऐकण्याजोगी आहे. असा क्रमांक मिळविणाऱ्यास विलायतेत शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. कॉर्नेलियाबाईंना ती मिळाली नाही, कारण त्या स्त्री होत्या. परीक्षेच्या नियमातल्या ‘तो’मध्ये त्या बसल्या, शिष्यवृत्तीच्या नियमातल्या ‘तो’मध्ये बसल्या नाहीत. शब्द एकच. पेपर लिहिण्याशी गाठ होती तोवर तो दोघांचा होता, रुपयांशी गाठ पडली तेव्हा एकट्या पुरुषाचा झाला. आम्हां मजुरांच्या कामात हा अनुभव रोजचा आहे. कामाच्या वेळी कोयता दोघांचा, उचलीच्या वेळी एकाचा.

मग त्यांनी काय केले? अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात काही काळ इंग्रजी शिकविले, आणि तेही पुरुष विद्यार्थ्यांना. सरकारला बाई शिकवावयास चालत होती, पुढे शिकण्यास पाठवावयास चालत नव्हती. अखेर इंग्लंडातील काही मंडळींनी वर्गणी काढली. त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही हातभार होता. १८८९ मध्ये कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या. १८९२ मध्ये कायद्याच्या बी.सी.एल. परीक्षेस बसणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव लागले. खास परवानगी काढून परीक्षेस बसू दिले. पण पदवी दिली नाही, कारण ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना पदवी देतच नसे. जी पदवी १८९२ मध्ये कमावली ती हातात पडावयास १९२० चा नवा नियम व्हावा लागला. तोवर बाईंनी पन्नाशी ओलांडली होती.

दरम्यान हिंदुस्थानात परतून त्यांनी वकिली करू म्हटले, तर कोर्टाचे दार बंद. येथे पुन्हा आपल्या ‘तो’ची गाठ पडते. १८६८ पासून या देशात असा कायदा होता की, कायद्यातील पुल्लिंगी शब्दांत, संदर्भ विरुद्ध नसेल तर, स्त्रियांचाही समावेश समजावा. अर्थ स्वच्छ आहे. याच आधारावर रेजिना गुहा या कायदा शिकलेल्या बाईंनी वकिलीच्या सनदेसाठी अर्ज केला. १९१६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी तो फेटाळला. वकिलांच्या कायद्यातला ‘तो’ म्हणजे पुरुषच, असा निकाल. शेवटी १९२३ मध्ये स्वतंत्र कायदा करून लिहावे लागले की, केवळ स्त्री आहे म्हणून कोणी वकिलीस अपात्र ठरणार नाही. लिहिले तेव्हा मिळाले! त्यानंतर मिठन टाटा मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागल्या. ‘त्यात तुम्ही आल्याच’ आणि ‘तुमचे नाव हे लिहिले’ यांत किती अंतर आहे, ते या ४० वर्षांत, म्हणजे १८८३ ते १९२३ मध्ये, मोजून घ्यावे.

आता दारापर्यंतच्या रस्त्याकडे वळू. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले, तेच आपण हुजूरपागा म्हणून ओळखतो. काढणारे कोण? विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांतलेच रानडे, भांडारकर व मोडक. स्वतः ज्या शिडीने चढले ती शिडी मुलींसाठीही लावावी, असे त्यांना वाटले. ही गोष्ट लहान नव्हे. उलट बाजूने टीकाही झाली. टिळकांच्या ‘केसरी’ व ‘मराठा’ पत्रांनी त्या शाळेच्या अभ्यासक्रमावर आणि वेळेवर कडक आक्षेप घेतले: मुलींना मुलांसारखे इंग्रजी शिक्षण दिले, दिवसभर शाळेत बसविले, तर घर कोणी सांभाळावे? टिळकांविषयी आमच्या मनात आदर आहे. १९०८ मध्ये त्यांना शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, ही आमच्या चळवळीच्या इतिहासातली अभिमानाची गोष्ट. पण या एका बाबतीत त्यांचे चुकले, असे आम्ही मानतो.

त्याच १८८४ साली मुंबईत रखमाबाईंचा खटला उभा राहिला. लहानपणी लागलेले लग्न, नवऱ्याकडे नांदावयास नकार, आणि नवऱ्याची फिर्याद. १८८७ मध्ये न्यायालयाने सांगितले, नांदावयास जा, नाही तर सहा महिने तुरुंग. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. १८८८ मध्ये तडजोड झाली. त्या लंडनला गेल्या, डॉक्टर झाल्या, आणि पुढे सुरतेस वर्षानुवर्षे काम केले. विद्यापीठाच्या दारापर्यंतचा रस्ता लग्नाच्या मांडवातून जात होता, याचा यापेक्षा ढळढळीत पुरावा कोणता?

हा रस्ता सर्वांत चिकाटीने कोणी बांधला असेल तर तो धोंडो केशव कर्वे यांनी. फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. पहिली पत्नी वारल्यावर १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील एका विधवा विद्यार्थिनीशी विवाह केला. गावाने वाळीत टाकले. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे पुण्याबाहेर हिंगण्यास नेला. शहरातून हिंगण्यापर्यंत पायी जाणे-येणे, आणि फंडासाठी गावोगाव हिंडून चार-आठ आणे मागणे. वर्गणी गोळा करण्यात आमची हयात गेली आहे. दारात उभे राहून पैसे मागताना माणसाचा चेहरा कसा होतो, ते आम्ही जाणतो. कर्व्यांनी हे वर्षानुवर्षे केले.

एका शिवप्रसाद गुप्त नावाच्या गृहस्थाने त्यांना जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाची पुस्तिका पाठविली. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून कर्व्यांनी तसल्याच विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि १९१६ मध्ये ते सुरूही केले. आरंभी विद्यार्थिनी किती? पाच! १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली व त्यांच्या मातोश्रींचे, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव संस्थेस लागले. पण सरकारी कायद्याची मान्यता मिळावयास १९५१ साल उजाडले. मधली ३५ वर्षे या विद्यापीठाची पदवी म्हणजे, व्यवहारी माणसाच्या भाषेत, न वटणारी हुंडी होती. तरी मुली येत राहिल्या.

कर्व्यांवर टीका करणारे पुष्कळ होते व आहेत. मुलींसाठी वेगळे विद्यापीठ म्हणजे दुय्यम विद्यापीठ. गृहशास्त्र शिकवून पुन्हा चुलीपुढेच बसविणे. बरोबरी हवी तर मुलांच्या बाकावरच बसविले पाहिजे, असा त्यांचा रोख. आम्हीही तरुणपणी हेच बोलत असू. आज तितक्या जोराने बोलणार नाही. मुंबई विद्यापीठाने दार उघडले, पण ते इंग्रजीत उघडले. कर्व्यांनी मातृभाषेत शिकविले. जिच्या घरात इंग्रजीचे अक्षर नाही, जिचे लग्न होऊन वैधव्यही येऊन गेले, तिच्या दृष्टीने दोहोंपैकी कोणते दार खरोखर उघडे होते? बरोबरीचा आग्रह आमचा आजही आहे. पण ज्यांनी वेगळी वाट काढली त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार, ज्यांनी एकही वाट काढली नाही त्यांना नाही.

पदवी मिळू लागली तरी पुढची दारे एकेक करून बंदच भेटत होती. कमला भागवत, म्हणजे लग्नानंतरच्या कमलाबाई सोहोनी, यांची गोष्ट आमच्या बैठकांत आम्ही पुष्कळदा सांगतो. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. त्या वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या आणि बंगळूरच्या टाटांनी स्थापिलेल्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. संस्थेचे प्रमुख होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर सी. व्ही. रामन. गुण पुरेसे होते, तरी नकार आला: मुली घेत नाही. कमलाबाई बंगळूरला गेल्या आणि नकाराचे कारण सांगा म्हणून अडून बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर: एक वर्ष परीक्षा पाहू, आणि तिच्यामुळे मुलांचे चित्त विचलित होता कामा नये. मुलांच्या चित्ताची जबाबदारीही मुलीवरच! वर्षभर त्यांनी काम करून दाखविले, आणि त्यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेऊन त्या विज्ञानातील ती पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. आणि ज्या केंब्रिजने त्यांचे संशोधन गौरविले, ते केंब्रिज आपल्या मुलींना पूर्ण पदवी द्यावयास आणखी नऊ वर्षे तयार नव्हते.

‘तो’ या शब्दाची आणखी एक हकीकत सांगण्यासारखी आहे. हंसाबेन मेहता बडोद्याच्या कॉलेजातून मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. १९४६ मध्ये कर्व्यांच्या महिला विद्यापीठाच्या आणि १९४९ मध्ये बडोद्याच्या विद्यापीठाच्या त्या कुलगुरू झाल्या. मधल्या काळात संयुक्त राष्ट्रसंघात मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत होता. मसुद्यात, सर्व ‘पुरुष’ जन्मतः स्वतंत्र व समान आहेत, अशा अर्थाचा शब्द होता. इंग्रजीतला तो शब्द माणूस या अर्थानेही चालतो, त्यात स्त्रिया आल्याच, असे कित्येकांचे म्हणणे पडले. हंसाबेनांनी ते मान्य केले नाही. त्यांच्या आग्रहाने तेथे ‘मानव’ असा शब्द पडला, आणि १० डिसेंबर १९४८ रोजी तो तसाच मंजूर झाला. ज्या विद्यापीठाने १८८३ मध्ये ‘त्यात तुम्ही आल्याच’ म्हटले होते, त्याच विद्यापीठाच्या पदवीधर बाईने साऱ्या जगाला सांगितले की, आल्याच असतील तर तसे लिहा. खुद्द मुंबई विद्यापीठाला पहिली स्त्री कुलगुरू, मेहरू बंगाली, मिळाल्या त्या १९८६ मध्ये. स्थापनेपासून १२९ वर्षांनी.

आतापर्यंत आम्ही मुंबई-पुण्याचे सांगितले. आपला बीड जिल्हा तेव्हा त्या चित्रात नव्हताच. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया, १९१८ चे, आणि माध्यम उर्दू. मुलींसाठी तेथे १९२४ मध्ये वेगळे कॉलेज निघाले होते, परंतु सिरसाळ्यासारख्या गावातली मराठी बोलणारी मुलगी हैदराबाद गाठून उर्दूतून पदवी घेईल, ही गोष्ट चंद्रावर जाण्यासारखीच होती. मुलांनाही पदवीसाठी दूर जावे लागे. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेस कॉलेज काढले, तेच पुढे मिलिंद. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज निघाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. त्याचे पहिले कुलगुरू डोंगरकेरी हे मुंबई विद्यापीठात कुलसचिव राहिलेले, आणि त्या विद्यापीठाचा इतिहास लिहिणारे. म्हणजे मुंबईचा अनुभव घेऊनच हे विद्यापीठ जन्मले. येथे ‘तो’ आणि ‘ती’चा वाद कधी झालाच नाही. पहिल्या दिवसापासून दार दोघांना सारखे उघडे होते. नामांतराचा मोठा लढा होऊन १९९४ मध्ये त्यास बाबासाहेबांचे नाव लागले, आणि आज आपल्या गावातही त्याला जोडलेले महाविद्यालय आहे.

मग आमचा प्रश्न असा की, दार उघडे, कॉलेज गावात, तरी ऊसतोडणी करणाऱ्याची मुलगी तेथे किती दिसते?

दसरा-दिवाळी झाली की गाड्या भरून माणसे कारखान्यांकडे निघतात, ती उन्हाळा लागल्यावर परततात. शाळेचे निम्मे वर्ष फडात जाते. आमची धाकटी बहीण चौथीत असताना अशीच आईबरोबर गेली, कोपीत तान्ह्या भावाला सांभाळावयास. परत आली तेव्हा हजेरीपटावरचे तिचे नाव कमी झाले होते. ती पुन्हा शाळेत गेली नाही. आम्ही मुलगा म्हणून आजीपाशी गावात राहिलो आणि सातवीपर्यंत पोचलो. पुढचे सर्व वाचनालयात बसून. एका घरातली ही दोन पोरे. त्यात आमची हुशारी अधिक होती, असे समजण्याचे काहीएक कारण नाही.

जरा मोठी झाली की लग्न. कोयत्याला जोडी लागते, आणि जोडीला उचल मिळते. म्हणून पंधरा-सोळाव्या वर्षी मुलगी उजवून टाकण्याची घाई. रखमाबाईंच्या खटल्यास सव्वाशेहून अधिक वर्षे झाली आणि कायदा अठरा वर्षे वय सांगतो. तरी हे चालते. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात शंभरांत सुमारे ८५ पुरुष साक्षर होते, तर स्त्रिया सुमारे ६८. आणि सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली होत्या अवघ्या ८०७. हा आकडा उच्चारताना आम्हांला जड जाते. ज्या मुलीला जन्मच घेऊ दिला नाही, तिच्यापुढे विद्यापीठाच्या दाराची गोष्ट काय करावी?

काहीच झाले नाही असेही नाही. गावात हंगामी वसतिगृहे निघाली, फडावर साखरशाळा निघाल्या. २०२१ मध्ये सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना आखली. २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. हे निर्णय चांगले आहेत, आणि त्यांसाठी ज्यांनी मोर्चे काढले त्यांत आम्हीही होतो. पण फी माफ होते ती बारावी पार केलेल्या मुलीची. आमच्या बहिणीसारखी चौथीत गळालेली मुलगी त्या ठरावाच्या ‘ती’मध्ये बसत नाही. आणि वसतिगृह म्हणजे इमारत, जेवण, रात्री तेथे राहणारी बाई-अधीक्षक, आणि परळीहून वेळेवर सुटणारी एस.टी. यांपैकी एक गोष्ट नसली तरी बाप मुलीला गाडीत घालून फडावर घेऊन जातो, आणि त्याला दोष देणे आम्हांला जमत नाही.

राहता राहिली आमची नोंदवही. मुंबई विद्यापीठाचा इतिहास वाचून झाल्यावर आम्ही ती नव्याने लिहावयास घेतली, दर कोयत्यामागे दोन ओळी. वही दुप्पट जाड झाली आणि आमचे एक सहकारी कागदाच्या खर्चावरून कुरकुरले. ज्या बाईने प्रश्न विचारला होता तिच्या वस्तीवर जाऊन आम्ही तिला मोठ्या हौसेने तिची ओळ दाखविली. तिला वाचता येत नव्हते. हंगामी वसतिगृहात राहून नववीत पोचलेली तिची मुलगी शेजारी उभी होती, तिने वही हातात घेऊन वाचले आणि म्हणाली, “काका, हे माझ्या आईचं नाव नाही. तुम्ही फक्त अमक्याची बायको एवढंच लिहिलंय.”

आम्ही खिशातले पेन काढून तिच्या हाती दिले. तिने ती ओळ खोडली आणि वर आईचे नाव लिहिले.